सुपर फाइट लीग
सुपर फाइट लीग, संक्षेपाने एसएफएल, ही मिक्स्ड मार्शल आर्ट्स अर्थात मिश्र युद्धकला (एमएमए) या क्रीडाप्रकाराची भारतातील व्यावसायिक स्पर्धा होय. २०१२ मध्ये मुंबईच्या अंधेरी उपनगरातून सुरू झालेल्या या स्पर्धेचे स्वरूप आरंभी वैयक्तिक होते. २०१७ मध्ये तिचे संघाधारित लीगमध्ये रूपांतर झाले.

इतिहास
उद्योजक राज कुंद्रा आणि अभिनेते संजय दत्त यांनी या स्पर्धेची स्थापना केली. पहिला कार्यक्रम ११ मार्च २०१२ रोजी अंधेरी (पश्चिम) येथील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झाला. हे संकुल अंधेरी क्रीडा संकुल या नावाने अधिक परिचित आहे. मुख्य लढतीत इंग्लंडच्या जेम्स थॉम्पसनने अमेरिकेच्या बॉब सॅपवर पहिल्याच फेरीत विजय मिळवला. त्यानंतरचे दोन कार्यक्रम त्याच वर्षी चंडीगढ आणि नवी दिल्ली येथे झाले.

सांघिक स्वरूप
ब्रिटिश उद्योजक बिल दोसांझ आणि मुष्टियोद्धा आमिर खान यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१७ मध्ये आठ संघांची लीग सुरू झाली. शहर किंवा राज्य यांच्या नावाने संघ उभारण्यात आले. त्यांत मुंबई मेनिअ‍ॅक्स, गोवा पायरेट्स, दिल्ली हीरोज आणि हरियाणा सुलतान्स यांचा समावेश होता. पहिल्या हंगामाचे केंद्र दिल्लीतील सिरी फोर्ट क्रीडा संकुल हे होते. त्यामुळे स्पर्धेचा उगम अंधेरीत झाला असला, तरी मुंबईच्या नावाचा संघ घरच्या प्रेक्षकांपासून दूर खेळला.

सांघिक सामन्याची पद्धत
सांघिक एमएमएमध्येही पिंजऱ्यात एका वेळी दोनच स्पर्धक उतरतात. दोन्ही संघांचे समान वजनगटातील खेळाडू एकापाठोपाठ लढतात आणि वैयक्तिक निकालांच्या बेरजेवरून संघाचा निकाल ठरतो. अमेरिकेतील इंटरनॅशनल फाइट लीग (२००६–२००८) हे या पद्धतीचे आधीचे प्रमुख उदाहरण होय. तेथे लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंतच्या पाच वजनगटांत लढती होत व तीन लढती जिंकणारा संघ विजयी ठरे. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रो कुस्ती लीगची रचनाही अशीच असून तिच्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद मुंबई गरुड संघाने पटकावले.

या पद्धतीमुळे एखादा नामांकित खेळाडू एकट्याच्या बळावर संघाला विजय मिळवून देऊ शकत नाही. सर्व वजनगटांत तुल्यबळ खेळाडू असणे आवश्यक ठरते. महिलांची लढतही संघाच्या निकालात धरली जात असल्याने तिला दुय्यम स्थान राहत नाही. मात्र कबड्डी किंवा फुटबॉलप्रमाणे लढत चालू असताना बदली खेळाडू उतरवता येत नाही. विजय संघाच्या खात्यात जमा होत असला, तरी दुखापतीचा धोका खेळाडूलाच पत्करावा लागतो. त्यामुळे संघ पिछाडीवर असतानाही लढत थांबवण्याचा पंचांचा अधिकार महत्त्वाचा ठरतो.

मुंबईतील अन्य स्पर्धा
सप्टेंबर २०१८ मध्ये कुमिते वन लीग या संघाधारित स्पर्धेच्या प्रारंभासाठी माजी जगज्जेता मुष्टियोद्धा माइक टायसन मुंबईत आला होता. २०१९ मध्ये सुरू झालेली मॅट्रिक्स फाइट नाइट ही स्पर्धा मात्र वैयक्तिक स्वरूपाची आहे.