स्तन-कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि नियंत्रित चाचण्या

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया किती विस्तृत असावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक शल्यचिकित्सक सुटलेला मानीत असत. तो खऱ्या अर्थाने तपासला गेला १९६० नंतर. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया गटांत विभागणी करावयाची, प्रत्येक गटास वेगळा उपचार द्यावयाचा व वर्षानुवर्षे पाठपुरावा करून निष्कर्ष काढावयाचा, या पद्धतीस नियंत्रित चाचणी म्हणतात. औषधांच्या बाबतीत ती तुलनेने लवकर रुजली. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मात्र तिला मोठा विरोध झाला. या विरोधाचा व त्यातून निघालेल्या मार्गाचा इतिहास मुख्यतः अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाशी निगडित आहे.

अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक विल्यम स्ट्यूअर्ट हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी १८८९–९४ या काळात केलेल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तांत १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी एकत्रितपणे काढून टाकीत. या शस्त्रक्रियेस मूलगामी स्तनोच्छेदन असे नाव पडले. कर्करोग मूळ गाठीपासून लसीका वाहिन्यांच्या मार्गे क्रमाक्रमाने बाहेर पसरतो व लसीका ग्रंथी त्यास काही काळ अडवून धरतात, अशी तिच्यामागील उपपत्ती होती. ती मान्य केली, तर जितके अधिक कापावे तितका रोग निर्मूल होण्याचा संभव अधिक, हे ओघानेच येते. तत्पूर्वी शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी गाठ पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण फार मोठे होते. हॉल्स्टेड यांच्या रुग्णांत ते पुष्कळच कमी झाले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याच जागी रोग न उलटणे आणि रुग्ण जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद पुढील कित्येक दशके दुर्लक्षित राहिला. या शस्त्रक्रियेनंतर छाती खपाटीला जाऊन कातडीखाली बरगड्या दिसू लागत, खांद्याच्या हालचाली मर्यादित होत व अनेक स्त्रियांचा हात कायमचा सुजलेला राही.

विरोधी अनुभव नव्हते असे नाही. लंडन येथील सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात जेफ्री किन्झ (१८८७–१९८२, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे बंधू. एकाच आडनावाचे मराठीत असे दोन उच्चार रूढ झाले आहेत) यांनी १९२० नंतरच्या दशकात गाठीभोवती रेडियमच्या सुया बसवून, कमीत कमी कापाकाप करून उपचार केले. एडिंबरो येथे रॉबर्ट मॅकव्हर्टर यांनी स्नायू न काढता केलेल्या साध्या स्तनोच्छेदनास क्ष-किरण उपचारांची जोड दिली. दोघांचेही निष्कर्ष मूलगामी शस्त्रक्रियेच्या तोडीचे होते. तरी त्यांवर विश्वास ठेवण्यास फारसे कोणी तयार झाले नाही. आणि तर्काच्या दृष्टीने हा अविश्वास सर्वस्वी अयोग्यही नव्हता. एका रुग्णालयातील रुग्णांची तुलना दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णांशी केली, तर दिसणारा फरक उपचारांचा की मुळातच रोगाच्या अवस्थेचा, हे सांगता येत नाही. सौम्य रोग असलेल्या स्त्रिया एखाद्या चिकित्सकाकडे अधिक गेल्या, तर त्याचा उपचार आपोआप श्रेष्ठ ठरतो. अडचण एवढीच की, हाच आक्षेप मूलगामी शस्त्रक्रियेच्या आकडेवारीलाही तितकाच लागू होता. तो तिच्यावर कोणी घेत नसे.

ही अडचण दूर करण्याचे साधन शेतीच्या प्रयोगांतून आले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रॉनल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) यांनी खतांच्या तुलनेसाठी जमिनीच्या तुकड्यांची यदृच्छया निवड करण्याची पद्धत १९२० नंतरच्या दशकात विकसित केली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) यांनी ती क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनाच्या चाचणीत वापरली. या चाचणीत १०७ रुग्ण होते आणि तिचा वृत्तांत १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णास कोणता उपचार मिळणार, हे मोहोरबंद पाकिटात असे. त्यामुळे चिकित्सकाची आवड-नावड निवडीत शिरू शकत नसे.

स्तन-कर्करोगात मूलगामी शस्त्रक्रियेची स्तन राखण्याशी अशी तुलना प्रथम लंडन येथील गाय्झ रुग्णालयात १९६१ पासून झाली. पन्नाशीवरील ३७० स्त्रियांच्या या चाचणीत एका गटावर मूलगामी शस्त्रक्रिया व दुसऱ्या गटात फक्त गाठ व भोवतीचा भाग काढणे, असे उपचार केले. दोन्ही गटांस क्ष-किरण दिले. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, प्रसिद्ध झालेले निष्कर्ष संमिश्र होते. काखेत गाठी जाणवत असलेल्या स्त्रियांत मर्यादित शस्त्रक्रियेचा गट मागे पडला. जुन्या मताच्या पुरस्कर्त्यांना यात आपला विजय दिसला. दिलेली प्रारणाची मात्रा, विशेषतः काखेत, अपुरी होती, हे पुढे लक्षात आले.

पिट्सबर्ग विद्यापीठाचे बर्नार्ड फिशर (१९१८–२०१९, वर उल्लेखिलेल्या सांख्यिकीविज्ञांशी त्यांचा संबंध नाही) यांनी प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. त्यांनी व त्यांचे बंधू, विकृतिविज्ञ एडविन फिशर, यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत कर्क-कोशिका लसीका ग्रंथींतून पार निघून जातात, तसेच लसीका व रक्त या दोहोंत ये-जा करतात, असे आढळून आले. म्हणजे ग्रंथी हा तटबंदीचा दरवाजा नव्हे. तसे असेल, तर गाठ हाताला लागेपर्यंत रोग शरीरात इतरत्र गेलेला तरी असतो किंवा नसतो. छातीवर किती कापले यावर रुग्णाचे आयुष्य अवलंबून राहू नये. फिशर १९६७ मध्ये अनेक विद्यापीठ-रुग्णालयांनी मिळून चालविलेल्या राष्ट्रीय स्तन-कर्करोग चाचणी प्रकल्पाचे प्रमुख झाले व त्याचे मुख्य कार्यालय पिट्सबर्ग येथे आले.

या प्रकल्पाची मोठी चाचणी १९७१–७४ या काळात १,६६५ स्त्रियांवर झाली. काखेत गाठी न जाणवणाऱ्या १,०७९ स्त्रियांचे तीन गट केले होते : मूलगामी स्तनोच्छेदन, साधे स्तनोच्छेदन व प्रारण, आणि केवळ साधे स्तनोच्छेदन, ज्यात काखेतील ग्रंथींना पुढे गाठ दिसेपर्यंत हात लावावयाचा नव्हता. हा तिसरा गट सर्वांत उद्‌बोधक ठरला. मूलगामी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सु. ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग आढळला होता. चिठ्ठ्यांनी केलेल्या विभागणीमुळे तिसऱ्या गटातही तो तितक्याच स्त्रियांत असणार, हे उघड आहे. तरीही पुढे काखेत रोग दिसून आला तो त्यांतील एक-पंचमांशाहून कमी स्त्रियांत, आणि आयुर्मानात तिन्ही गटांत अर्थपूर्ण फरक पडला नाही. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्येही हाच निष्कर्ष कायम राहिला.

पुढील चाचणी १९७६ मध्ये सुरू झाली. तीत ४ सेंमी. पर्यंतची गाठ असलेल्या स्त्रियांचे स्तनोच्छेदन, फक्त गाठ काढणे, आणि गाठ काढून प्रारण देणे असे तीन गट होते. तिच्यात स्त्रिया दाखल होण्याची गती फार मंद होती. स्त्रिया नकार देत असत, त्याचप्रमाणे अनेक शल्यचिकित्सक त्यांच्यापुढे हा विषयच काढीत नसत. याची कारणे विचारणारी पाहणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणता उपचार चांगला हे आपणास ठाऊक नाही, असे रुग्णापुढे कबूल केल्यास तिचा विश्वास उडेल, अशी भीती त्यांत ठळक होती. यावर तोडगा म्हणून आधी चिठ्ठी काढून गट ठरवावयाचा व मग तो उपचार सांगून संमती घ्यावयाची, ही सांख्यिकीविज्ञ मार्व्हिन झेलेन यांनी सुचविलेली रीत स्वीकारण्यात आली. दाखल होणाऱ्यांची संख्या वाढली, पण नैतिक वादही उद्‌भवला. संमतीपूर्वीच निर्णय झालेला असल्यास ती संमती कितपत मोकळी, हा प्रश्न रास्तच होता.

या वादात स्त्रियांचाही आवाज याच काळात उमटू लागला. तोवर भूल दिल्यावर गाठीचा तुकडा तपासून, कर्करोग आढळल्यास तेथेच स्तन काढण्याची प्रथा होती. शुद्धीवर येईपर्यंत स्त्रीला काहीच कळत नसे. पत्रकार रोझ कुश्‍नर (१९२९–९०) यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम चालविली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर सप्टेंबर १९७४ मध्ये मूलगामी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा या रोगाची उघड चर्चा प्रथमच घरोघर पोहोचली. वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथे १९७९ मध्ये भरलेल्या तज्ञांच्या परिषदेने मूलगामी पद्धतीचे स्थान काढून घेतले आणि तपासणी व शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत, अशी शिफारस केली. दरम्यान इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी (१९२५–२०१६) यांनी ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८१ मध्ये आले आणि फिशर यांच्या चाचणीचे १९८५ मध्ये. स्तन राखूनही आयुष्य घटत नाही, हे दोन्हींत दिसले. प्रारणाचे महत्त्वही स्पष्ट झाले : वीस वर्षांत त्याच स्तनात रोग पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण प्रारण दिलेल्यांत १४·३ टक्के, तर न दिलेल्यांत ३९·२ टक्के होते.

चिठ्ठ्यांची पद्धत चिकित्सकाची आवड वगळू शकते. त्याचा अप्रामाणिकपणा मात्र नाही, हे १९९० नंतर अनुभवास आले. एकाच रुग्णाच्या कागदांवर शस्त्रक्रियेच्या दोन तारखा पिट्सबर्ग कार्यालयाच्या नजरेस आल्या. चौकशीत माँट्रिऑल येथील सँ-ल्यूक रुग्णालयाचे रॉजर प्वासाँ यांनी अपात्र स्त्रियांना पात्र ठरविण्यासाठी नोंदी बदलल्याचे सिद्ध झाले. दुसऱ्या चाचणीतील सु. १६ टक्के स्त्रिया त्याच रुग्णालयातील होत्या. प्रकरण मार्च १९९४ मध्ये वृत्तपत्रात आले, तोवर दुरुस्त विश्लेषण प्रसिद्ध झालेले नसल्याने जनतेचा क्षोभ उसळला व फिशर यांना पद सोडावे लागले. त्या रुग्णालयाची आकडेवारी वगळून केलेल्या फेरविश्लेषणात (१९९५) निष्कर्ष बदलले नाहीत. फिशर यांच्यावरील गैरवर्तनाचा आरोप १९९७ मध्ये निराधार ठरला व विद्यापीठाने त्यांची जाहीर क्षमा मागितली. विलंबाची टीका मात्र पुसली गेली नाही; ज्या स्त्रियांनी या आकड्यांच्या भरवशावर निर्णय घेतले होते, त्यांना ते सर्वांत आधी कळावयास हवे होते.

भारतात हीच विचारपद्धती मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) पुढे नेली गेली. रोग शरीरात इतरत्र पसरल्यानंतर निदान झाल्यास मूळ गाठ काढण्याने आयुष्य वाढते काय, या प्रश्नावर राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २००५–१३ या काळात ३५० स्त्रियांची चाचणी घेतली. शस्त्रक्रियेच्या गटातील मध्यम आयुर्मान १९·२ महिने, तर इतरांचे २०·५ महिने निघाले; म्हणजे शस्त्रक्रियेने लाभ झाला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे संवेदनाहारी औषध टोचल्यास काय होते, हे तपासणारी त्यांची दुसरी चाचणी देशातील अकरा केंद्रांवर झाली व २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १,५८३ स्त्रियांचा विचार केलेला आहे. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण औषध टोचलेल्या गटात ९०·१ टक्के व दुसऱ्या गटात ८६·४ टक्के होते. हे औषध अगदी स्वस्त आहे.