कुर्ल्याचा रोगी आणि बोस्टनचे चित्र

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या ओघात मूक, मिन्मिण आणि गद्गद असे तीन रोगी भेटतात. कफयुक्त वायू शब्द वाहणाऱ्या धमन्या अडवतो, असे कारण दिले आहे. दोष बुद्धीचा नसून वाटेचा आहे, हे निरीक्षण मोलाचे. पण तिन्ही नावे उच्चाराची. घडाघडा बोलतो आणि तरी अर्थ लागत नाही, असा रोगी त्या यादीत नाही. १८६१ मध्ये ब्रोका यांनी ‘तान’ एवढेच बोलू शकणारा रोगी पॅरिसमध्ये नोंदवला. हा दुसरा रोगी वैद्यकाला नीट दिसला तो १८७४ मध्ये, वेर्निके यांच्या प्रबंधात. हातपाय धड असल्याने घरच्यांना आजही तो वेडा किंवा बाधा झालेला वाटतो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत मात्र साडेचार तासांची.

त्या घाईत वापरायची अमेरिकी मोजपट्टी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चित्रांत हातमोजा आहे, निवडुंग आहे, दोन टोकांना बांधलेली झोळीही आहे. सोबत बोस्टनच्या १९७२ च्या चाचणीतले स्वयंपाकघर : बाई भांडी पुसते आहे, पाणी वाहून चालले आहे, मागे मुलगा बिस्किटे चोरतो आहे. हातमोजा कधी न घातलेला माणूस अडखळला, तर तो आजार की अपरिचय?

कुर्ल्यात हा प्रश्न दुहेरी होतो. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये इथली धरमसी गिरणी घेऊन तिची स्वदेशी केली. गावठाणात ईस्ट इंडियन मराठी होतीच. गिरण्यांमागून कोकणची, घाटावरची, उत्तरेची बोली आली. झटक्यानंतर आधी शिकलेली भाषा टिकते, असे रिबो म्हणत. सर्वांत सरावाची आधी परतते, असे पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले. घरी मालवणी आणि खात्यात हिंदी बोलणाऱ्या कामगाराला कोणत्या भाषेत विचारायचे?

भाषांतराने भागत नाही. इंग्रजी चाचण्यांतले एक प्रसिद्ध वाक्य जवळजवळ केवळ जोडशब्दांचे आहे. रोग्याने ते परत म्हणायचे. मराठीत ते उतरतच नाही. उलट ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’ यातला क्रियापदाचा फरक तुटलेल्या व्याकरणाची चांगली पारख करतो, आणि तो इंग्रजीला ठाऊकच नाही.

वाचाउपचार शिकवणारी केंद्रे मुंबईतच आहेत, नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. पण पहिल्या तासांत खाटेपाशी असतो तो निवासी डॉक्टर. त्याने चित्रांचा कागद काढण्याआधी सोबतच्या माणसाला एवढे विचारावे : हे घरी कोणत्या भाषेत भांडतात?