बोरघाटातील विसावा: सक्तीपासून कलमापर्यंत

कर्जत आणि खालापूर हे तालुके कोकण व देश यांच्या सांध्यावर असल्याने बोरघाटातील मालवाहतुकीचा इतिहास हा वाहतूकदारांच्या विश्रांतीचाही इतिहास आहे. घाट चढण्यापूर्वी माणसाला व जनावराला पायथ्याशी थांबावेच लागे; खोपोलीचा नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर ही त्या मुक्कामाची खूण होय. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत हा घाट चाकांच्या गाड्यांना खुला झाला, तरी एका दमात किती अंतर कापायचे हे बैलच ठरवीत राहिले. 1863 मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. मात्र चढणीवर गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, जोडण्यासाठी बहुतेक गाड्यांना कर्जतचा थांबा आजही घ्यावा लागतो.

ट्रकने ही सक्ती मोडली आणि थांबण्याचा निर्णय चालकावर, खरे तर त्याच्या मालकावर, सोपवला. म्हणूनच 1939 च्या मोटार वाहन कायद्याने सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला 9 तास काम अशी मर्यादा घातली. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ती सर्वसाधारणपणे 8 तासांवर आणली, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 91 ने तीच व्यावसायिक वाहनांच्या चालकांना लागू केली. परंतु मजुरी फेरीमागे मिळत असेल, तर थांबणे म्हणजे कमाई बुडवणे होय. न थांबताही विसावा देऊ शकणारी, राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दुसरा चालक असण्याची अटही 2018 मध्ये काढून टाकण्यात आली.

2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने खोपोलीचा पूर्वापार मुक्काम बाजूला टाकला. न थांबता घाटात आलेल्या थकलेल्या चालकाचा डोळा नकळत काही क्षण लागतो, त्याला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक अशा 3 सेकंदांत सुमारे 67 मीटर जातो. त्यातच घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि पेंगणाऱ्या चालकाला चूक सावरण्यास अवधी उरत नाही. युरोपीय संघात साडेचार तासांच्या चालनानंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची असून तिची नोंद ट्रकमधील टॅकोग्राफ हे यंत्र ठेवते. आपल्याकडे तासांची मर्यादा त्याहून जुनी आहे. ती तपासण्याची व्यवस्था मात्र अद्याप मालकाच्या कागदांपलीकडे फारशी गेलेली नाही.