बदामी : क्रीडा-प्रस्तरारोहण
कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील बदामी येथील तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे भारतातील क्रीडा-प्रस्तरारोहणाचे, म्हणजे खडकात आधीच कायम बसविलेल्या बोल्टांत दोर अडकवीत केल्या जाणाऱ्या आरोहणाचे, महत्त्वाचे क्षेत्र आहेत. सह्याद्रीच्या बेसाल्टावर हात बसलेल्या आरोहकाला येथील आडव्या थरांमधील खाचा व खरखरीत पृष्ठभाग वेगळीच, अतिशय आनंददायी पकड देतात. मात्र वालुकाकणांना सांधणारे द्रव्य ओलीने दुबळे होऊन पकडीच्या कडा तुटू शकतात, म्हणून पावसानंतर खडक आतपर्यंत वाळू देणे अत्यावश्यक असते. हिवाळा सर्वांत सोयीचा. याच खडकात चालुक्यांनी लेणी कोरली असून तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. ५७८ चा आहे, त्यामुळे संरक्षित वास्तूंलगतचे कडे आरोहणासाठी वर्ज्य मानावे लागतात.