केटरिंग स्केट प्लाझा

अमेरिकेच्या ओहायओ राज्यात, डेटनच्या दक्षिणेला लागून असलेल्या केटरिंग या उपनगरातील सार्वजनिक स्केटबोर्डिंग मैदान. सुमारे ४०,००० चौरस फुटांचे हे मैदान २००५ मध्ये खुले झाले. केटरिंगमध्येच जन्मलेला व्यावसायिक स्केटबोर्डपटू रॉब डिर्डेक (१९७४– ) याची ही कल्पना. डीसी शूज या बूट कंपनीने तिला पाठबळ दिले.

स्ट्रीट स्केटिंग वाढले ते शहरातल्या पायऱ्या, कठडे, बाक आणि जिन्यांचे लोखंडी दांडे यांवर, म्हणजे मुळात दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या वस्तूंवर. त्यामुळे हुसकावले जाणे स्केटरांच्या पाचवीलाच पुजलेले होते. फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कमध्ये २००२ मध्ये स्केटिंगवर कडक बंदी आली. पुढे डीसी शूजने दहा लाख डॉलर देऊ केले, तरी ती उठली नाही. अशा वेळी चौकातली रचनाच स्केटरांसाठी हक्काने बांधून देणे, हे केटरिंगचे खरे महत्त्व. पहिलेपणाचा मान मात्र त्याला सरसकट देता येत नाही. कॅनडातील व्हँकूव्हरचा स्केट प्लाझा २००४ मधला आहे.

खोल बाऊल किंवा उंच उभे रॅम्प ही या मैदानाची ओळख नव्हे. भर आहे तो पायऱ्या, हँडरेल, उतार, बसके चौथरे आणि लेजवर. लेज म्हणजे सरळ, टणक काठाचा कठडा. स्केटर बोर्डसकट त्यावर उडी घेतो आणि चाकांच्या वरचा धातूचा ट्रक काठावर घासत पुढे जातो. काठ अडखळू नये म्हणून त्यावर मेण चोळतात. घासून घासून तो काळपट, गुळगुळीत होतो. नवख्याने मेण लावलेल्या काठावर एकदम चढू नये, पाय निसटतो. आधी सपाट जागेवर ऑली, म्हणजे बोर्डसह उडी, पक्की करावी आणि मग बसक्या चौथऱ्याकडे वळावे. लहान, कडक चाके इथे सोयीची. हँडरेलच्या उतरणीच्या जागी कधीही थांबू नये. वरून येणाऱ्याला वेग आवरता येत नाही.

प्रवेशशुल्क नाही. मैदान उघड्यावर असल्याने ओहायओच्या हिवाळ्यात बर्फ पडला की खेळ थांबतो. पावसानंतरही काँक्रीट पुरते वाळेपर्यंत थांबणे बरे, कारण ओल्या जमिनीवर चाके घसरतात आणि बेअरिंगना गंज चढतो.