उभे सूत, आडवे सूत

आमच्या इचलकरंजीला शांतता कशी असते हे वर्षातून एकदाच कळते, ते दिवाळीत. एरवी गल्लीबोळांतून रात्रंदिवस यंत्रमागांची खडखड चाललेली असते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि त्यानंतर गावाने जणू गप्प न बसण्याचीच शपथ घेतली. नव्या पाहुण्याला त्या आवाजाने झोप लागत नाही. आणि दिवाळीत माग थांबले, की आम्हा गावकऱ्यांची झोपमोड होते! अशाच एका शांत दुपारी, फराळाचे ताट बाजूला सारून, मी हा लेख लिहायला बसलो आहे. विषय मात्र मागाचा नाही, सायकलीचा आहे. आता सायकलीचा आणि सुताचा काय संबंध, असे वाचक विचारतील. थोडा धीर धरावा. दोन्हींची गाठ शेवटी पडते.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे; माझे वडील त्याला अखेरपर्यंत 'मॅट्रिक'च म्हणत. एका लहानशा शाळेत मुलांना शिकवतो आणि सवड काढून कादंबऱ्या लिहितो. तेव्हा इतिहासाकडे मी वळलो तो विद्वत्तेच्या ओढीने नव्हे. एका विद्यार्थ्याने मला निरुत्तर केले म्हणून वळलो.

ती हकीकत अशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही बहिणी एकदमच रागावल्या. कोल्हापूर-सांगली पाण्यात गेली. शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावे दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर मदतीचा ओघ सुरू झाला. आमच्याही मनात आले, की आपण मुलांसाठी वह्या-पुस्तके न्यावीत. एका मित्राने कल्पना काढली: मुलांनी सायकलींवरून कुरुंदवाडच्या बाजूला जावे, आणि दर किलोमीटरमागे दहा रुपये याप्रमाणे ओळखीच्या मंडळींकडून निधी जमवावा. जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटरांचा रस्ता. मुले हरखली. व्यापाऱ्यांच्या पेढ्या झाल्या, नातलग झाले, कारखानदार झाले. आठ दिवसांत पैसे जमले, वह्या आल्या.

आणि मग माझ्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलाने विचारले, "सर, पैसे तर जमले. वह्या टेम्पोने पाठवल्या तरी पोचतीलच की! मग आपण सायकली कशाला हाणायच्या?"

प्रश्न बिनतोड होता. मी वेळ मारून नेण्यासाठी व्यायामाचे महत्त्व सांगू लागलो. पण मुलाच्या चेहऱ्यावरून कळले, की मास्तरांना उत्तर येत नाही हे त्याने ओळखले आहे. त्या रात्री मी जुनी कात्रणे, पुस्तके काढून बसलो.

सायकलीवरून दूरदेशी जाण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईस परतले. वाळवंटे, जंगले, बर्फ, सारे पाहून आले. मोठेच धाडस ते! पण ते जग पाहायला निघाले होते, कोणाचे दुःख हलके करायला नव्हे.

दुसऱ्यासाठी सायकल चालवण्याची आजची रीत पाश्चात्त्य देशांत रुजली. अमेरिकेत बिली स्टार नावाच्या तरुणाची आई कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने छत्तीस जणांना गोळा केले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातून दोन दिवसांची सायकलयात्रा काढली. प्रत्येकाने इष्टमित्रांकडून पैसे मिळवायचे आणि ते कर्करोगावरच्या संशोधनाला द्यायचे. पहिल्या वर्षी दहा हजारांवर डॉलर जमले, आणि ती यात्रा दरवर्षीची झाली. आमच्या मित्राची 'किलोमीटरमागे दहा रुपये' ही कल्पना त्याच कुळातली. तिला नावे ठेवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. आईच्या दुःखातून निघालेला पैसा तो. पवित्रच म्हटला पाहिजे. परंतु माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेथेही उभाच राहतो. पैसेच द्यायचे तर ते घरबसल्या का देऊ नयेत?

आणि मग मला आठवले ते बाबा आमटे. आमच्या घरात आनंदवनाचे नाव शिरले ते पु. ल. देशपांड्यांच्या बोटाला धरून. १९७४ साली आमच्या इचलकरंजीत साहित्य संमेलन भरले, तेव्हा पु. ल. अध्यक्ष होते. वडिलांनी मांडवात मागे उभे राहून त्यांना ऐकले, आणि तेव्हापासून पु. लं.चे जे जे स्नेही ते ते आमचे, असा घरचा कायदाच झाला. आनंदवन हे पु. लं.चे फार जिव्हाळ्याचे ठिकाण.

बाबांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. हिंगणघाटचा सुखवस्तू घरातला मुलगा, वरोऱ्याचा वकील. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर, साधनाताईंच्या साथीने त्याने ओसाड माळावर वस्ती केली आणि १९५१ साली आनंदवन उभे राहिले. बोटे झडलेल्या हातांनी तेथे विहिरी खणल्या, शेते पिकवली, आणि आम्हा इचलकरंजीकरांना विशेष वाटावे असे म्हणजे, मागही चालवले! या साऱ्याच्या मुळाशी बाबांचे एक सूत्र होते: दान माणसाला खचवते, काम माणसाला उभे करते.

दानावर असा अविश्वास असलेला हा माणूस सायकलयात्रेचा नायक व्हावा, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटली.

१९८४ साल आठवा. पंजाब पेटलेला होता. जूनमध्ये सुवर्णमंदिरात सैन्य शिरले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. पाठोपाठ दिल्लीत निरपराध शिखांची कत्तल झाली. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. अशा वेळी, १९८५ च्या डिसेंबरात, बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. यात्रेचे नाव 'भारत जोडो'. बरोबर ११६ तरुण, सगळे पस्तिशीच्या आतले. त्यांत शंभर युवक होते आणि सोळा युवती. वाहन सायकलचे.

बाबा स्वतः एकाहत्तरीला आलेले. पाठीच्या कण्याने दगा दिलेला. शस्त्रक्रियांनंतर त्यांना बसताच येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. म्हणून सायकलींबरोबर त्यांचे वाहन असे आणि त्यात त्यांचा बिछाना. ज्याला बसता येत नाही त्याने भारत सांधायला निघावे, आणि धडधाकट माणसांनी घरी बसून वर्तमानपत्रे वाचत हळहळावे, असा तो काळ होता!

मला राहून राहून वाटते ते त्या सोळा मुलींबद्दल. १९८५ साली घरची मुलगी, सायकलीवरून, परक्या मुलखात, महिनोन्महिने! कोणत्या आईने डबा बांधून दिला असेल आणि कोणत्या बापाने तोंड फिरवले असेल? त्यांच्या घरांतली ती आदली रात्र मला कादंबरीकार म्हणून दिसते. पण त्या गेल्या. पाच हजारांहून अधिक किलोमीटर गेल्या. आपल्या हिशेबात सांगायचे, तर इचलकरंजीहून पंढरपूरला चौदा-पंधरा वेळा जाऊन यावे, तेवढे!

त्या यात्रेत एक गंमतही दडलेली होती. आपल्या देशातल्या सायकलींचे माहेर कोणते? लुधियाना! म्हणजे ज्या पंजाबची काळजी वाहत ही मुले निघाली, त्याच पंजाबच्या कारागिरांनी हिंदुस्थानातल्या खेड्यापाड्यांना चाके दिली होती. तमिळ शेतकरी, मराठी दूधवाला, बंगाली शाळामास्तर यांना सायकल देताना त्या कारागिराने कोणाची जात विचारली नव्हती.

१९८८ साली बाबा पुन्हा निघाले. या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे. अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटर. ही वाट वाचताना माझ्यातला विणकराचा मुलगा एकदम जागा झाला. पहिली यात्रा दक्षिणेकडून उत्तरेला, म्हणजे उभे सूत. दुसरी पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे आडवे सूत. ताणा झाला, बाणा झाला. नुसत्या ताण्याने कापड होत नाही आणि नुसत्या बाण्यानेही होत नाही, हे आमच्या गावातले शेंबडे पोरही सांगेल.

यावर कोणी विचारील, की मास्तर, कापड विणले गेले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर पंजाबातला रक्तपात त्यानंतरही काही वर्षे चालूच राहिला. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्या घडली आणि मुंबईत माणसांनी माणसांना जाळले. मग त्या ११६ जणांनी काय जोडले?

याचे एक उत्तर किनवटला आहे. बाबांच्या यात्रेत सायकल चालवलेले डॉ. अशोक बेलखोडे पुढे नांदेड जिल्ह्यातल्या त्या आदिवासी भागात गेले आणि तेथे साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावात 'भारत जोडो' हेच शब्द आहेत.

आणि दुसरे उत्तर आमच्या मागाच्या खोलीत आहे. माझे वडील आयुष्यभर मागावर उभे राहिले. धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेली दोन टोके शोधायची, बोटांनी गाठ मारायची आणि पुन्हा माग सुरू करायचा. एका पाळीत हे किती वेळा होई, त्याची गणती नाही. 'मघाशी सांधला तरी पुन्हा तुटलाच ना?' म्हणून त्यांनी कधी गाठ मारायचे सोडले नाही. तुटणे हा सुताचा स्वभाव. सांधणे हा विणकराचा धर्म.

एवढे सगळे वाचून मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, पण भाषण केले नाही. म्हणालो, "आपण सायकलींनीच जाऊ. उत्तर वाटेत सापडले तर पाहू."

दसरा झाल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. टाकवडे, शिरढोण करीत कुरुंदवाडच्या बाजूला. दोघांच्या साखळ्या उतरल्या, एकाचे चाक पंक्चर झाले, आणि मास्तरांचे गुडघे बोलू लागले. पुढच्या एका वाडीत पाणी मागायला थांबलो. घराच्या भिंतीवर, डोक्याच्याही वर, पुराच्या पाण्याची मातकट रेघ होती. आत एक म्हातारी आजी एकटीच. आमचा बेत वह्या द्यायचा. पण तिने आम्हाला वह्यांचे नावही काढू दिले नाही.

"आरं, बसा की वाईच! एवढ्या उन्हाचं कुटनं आलासा?"

आणि तिने चूल पेटवली. ज्या घरातले धान्य दोन महिन्यांपूर्वी कुजून गेले होते, त्या घरात भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या. आमच्यात एक ओडिशाचा मुलगा होता. त्याचे वडील आमच्या गावात माग चालवतात. अशी बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची पुष्कळ घरे आता आमच्या गावात आहेत. वर्गात हा पोरगा सदा कोपऱ्यात. त्याच्या मराठीला मुले हसत. आजीने नेमके त्यालाच विचारले, "कंचं गाव रं तुजं?"

"ओडिशा, आजी. समुद्राजवळ."

"तितं पानी येतंय का असं?"

मग तो बोलू लागला. त्याच वर्षी मे महिन्यात पुरीच्या किनाऱ्यावर 'फणी' वादळ आले, त्यात त्याच्या आजोबांच्या घराचे छप्पर उडाले. आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत तो सांगत होता, आजी हुंकार देत ऐकत होती, आणि त्याच्या मराठीला त्या दिवशी कोणी हसले नाही. आजी एवढेच म्हणाली, "म्हंजे तुजं नि माजं एकच की रं!" निघताना तिने त्याच्या आईसाठी शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून दिली.

परतताना तो प्रश्न विचारणारा चुणचुणीत मुलगा माझ्या शेजारून सायकल चालवत होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, टेम्पोला तहान लागत नाही."

मला आयुष्यात मिळालेल्या उत्तरांत हे सर्वांत चांगले. वह्या टेम्पोने पोचल्या असत्या. पण टेम्पो कोणाच्या दारात पाणी मागायला थांबला नसता. जो नुसता देऊन जातो तो वरच राहतो आणि घेणारा खाली. सायकलवाला घामाघूम होऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्यालाही काहीतरी घ्यावेच लागते. दानाविषयी बाबांच्या मनात जी अढी होती, तिचा अर्थ मला त्या वाडीत कळला.

ही हकीकत येथे संपली असती. पण त्या दिवाळीत तो ओडिशाचा मुलगा एकटाच सायकल घेऊन पुन्हा त्या वाडीला गेला. चटणीचा डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्याच्या आईने तांदळाचे पीठ आणि गूळ मळून, तेलात तळून 'आरिसा' केले होते. त्यांच्याकडे सणाला करतात तो पदार्थ. आजीने डब्याचे झाकण उघडले, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि म्हणाली,

"आरं, ह्यो तर आमचा अनारसाच की!"