रापणीचा हंगाम

आश्विनातले ऊन ओसरू लागले आणि कार्तिकाच्या पहाटवाऱ्यात पहिली शिरशिरी आली, की गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या किनाऱ्याचे रूप पालटते. आषाढ-श्रावणात खवळलेल्या समुद्राने पुळणीवरची वाळू ओढून नेलेली असते. लाटा निवळल्या की तोच समुद्र ती परत आणून घालतो. कोलवा-बाणावलीपासून उत्तरेस वेंगुर्ले-मालवणपर्यंतचा किनारा पुन्हा रुंद आणि सपाट होतो. वाळूच्या या परतीकडे कवींचे फारसे लक्ष गेले नाही. खारव्यांचे आणि गाबितांचे मात्र असे. पाय रोवून उभे राहण्यास जागा असल्यावाचून रापण ओढता येत नाही.

रापण हे जाळ्याचे नाव, आणि ते जाळे ओढणाऱ्या मंडळींच्या संघाचेही. एकच शब्द दोहोंना लागावा यात त्या धंद्याचा सगळा इतिहास साठलेला आहे. एका घराच्या ऐपतीत बसेल असे हे जाळे नव्हतेच. अनेक कुटुंबांनी आपापले तुकडे आणावेत, ते एकमेकांस जोडावेत, आणि त्यातून शेकडो मीटर लांबीची, कित्येकदा किलोमीटरहूनही अधिक लांबीची भिंत उभी राहावी, अशी ही रीत. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. खाऱ्या पाण्यात ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवीत. पावसाळ्याचे रिकामे दिवस अशा विणण्या-सांधण्यातच जात.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की होड्या पाण्यात उतरत. पण रापणीचे खरे दिवस येत ते शरद सरून हेमंत लागताना. त्याचे कारण समुद्रातच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती व जीव वाढतात, आणि त्या अन्नावर बांगडा आणि तारली पोसली जातात. पण या वर आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पावसाळ्यानंतर हा प्रभाव ओसरू लागला, पाणी स्थिरावले, की बांगड्यांचे थवे अगदी किनाऱ्याजवळ येतात. ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने बांगड्याचे, असे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले.

थवा हेरणे हे अनुभवी डोळ्यांचे काम. पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरची थरथर, वर घिरट्या घालणारे पक्षी, यांवरून अंदाज बांधला जाई. मग जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरे, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडी, आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणी. त्यानंतर दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागत आणि जाळे तसूतसूने ओढले जाई. या कामाला घाई चालत नाही. एक बाजू पुढे गेली तर मासळी निसटते. हाती आलेल्या मासळीत जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि हातांचा वाटा निघे. दोराला हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने परत जात नसे. टोपल्या डोक्यावर घेऊन बाजार गाठायचे काम बायकांचे, आणि भाव ठरवण्याचे चातुर्यही त्यांचेच.

जुन्या काळाचे चित्र केवळ गोड रंगवणे मात्र न्यायाचे होणार नाही. बर्फाची सोय नव्हती. मासळी अमाप आली की भाव कोसळे. जेवढी जवळच्या मिठागरांच्या मिठात मुरवता येई तेवढी मुरवीत, उरलेली माडांच्या मुळाशी खत म्हणून जाई. भरल्या समुद्राशेजारी राहणारे घर कर्जात असणे ही विरळा गोष्ट नव्हती.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, आणि त्या दशकातच यांत्रिक ट्रॉलर तेथील पाण्यात दिसू लागले. त्यांना कर्ज व अनुदानाचे पाठबळ होते. परदेशी बाजारात कोळंबीला किंमत होती. कोळंबी राहते उथळ पाण्याच्या तळाशी. म्हणजे खोल समुद्रासाठी घेतलेले यंत्र नेमके किनाऱ्यालगत फिरू लागले, तळ खरवडू लागले आणि रापणकारांची जाळी फाडू लागले. जे जाळे शंभर हातांनी ओढावे, त्याची धूळधाण एका यंत्राने काही क्षणांत व्हावी, हा आघात पैशाहून मोठा होता. एका जाळ्याबरोबर अनेक घरांची भागीदारीच फाटत होती.

१९७०च्या दशकात या रोषाला संघटनेचे रूप आले. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ या संघटनेने मोर्चे काढले, उपोषणे केली. शिक्षकी पेशातून आलेले माथानी साल्ढाणा हे या लढ्याचे प्रमुख नेते. १९७८ मध्ये देशातील पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, त्यातही गोव्याचा वाटा मोठा होता. रापणकारांची मागणी यंत्र बुडवावे अशी नव्हती. यंत्राने यंत्राच्या पाण्यात राहावे एवढीच होती. गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा. गोव्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा यांत्रिक मासेमारीला वर्ज्य ठरला. रेषा कागदावर उमटली. पाण्यावर ती दिसत नाही, आणि रात्री तर मुळीच नाही.

पुढे पर्ससीन जाळी आली. ती किनाऱ्याची वाट न पाहता थव्याला समुद्रातच वेढून टाकतात. बांगडा पुळणीपर्यंत पोचण्यापूर्वीच संपतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले आणि राज्याच्या जलक्षेत्रात तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. बंधन वर्षाच्या आठ महिन्यांवर पडले हे खरे. पण मोकळे सोडलेले चार महिने म्हणजे रापणीचाच हंगाम. प्रखर दिवे लावून मासळी ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तिच्याविरुद्धची तक्रार किनाऱ्यावर थांबलेली नाही.

रापणी आता थोड्या उरल्या आहेत. ज्या उरल्या, त्यांचे दोर ओढायला गावातली तरुण मुले पुरेशी मिळत नाहीत. ती बोटींवर, हॉटेलांत किंवा परदेशी गेली आहेत. तरी कार्तिकात वाळू परत येते, आणि पुळणीवर कुठे तरी एखादी म्हातारी नजर पहाटेच्या पाण्याचा रंग पाहत बसलेली असते.